पेटंट कायदा नव्या तंत्रज्ञानाला वाट देतो की वाट अडवतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं प्रामुख्याने भारताच्या पेटंट कायद्याबद्दल आहेत. मुदती आणि फीचे आकडे १५ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या सुधारित नियमांप्रमाणे दिले आहेत. सरकारी कागदात ‘एकस्व’ हा शब्द दिसेल. बोलताना सगळे ‘पेटंट’च म्हणतात, म्हणून इथेही तोच वापरला आहे.

पेटंट मिळालं म्हणजे नेमकं काय मिळालं?

दुसऱ्याला अडवायचा हक्क मिळाला. तुमची वस्तू बनवणं, वापरणं, विकणं किंवा आयात करणं तुमच्या परवानगीशिवाय इतरांना करता येत नाही. हा हक्क अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांचा असतो आणि भारतापुरताच असतो.

स्वतः ती वस्तू विकण्याचा परवाना मात्र यात येत नाही, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. समजा, एखाद्या कंपनीकडे पंपाच्या इंपेलरचं, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चाकाचं, पेटंट आहे आणि तुम्ही त्याच इंपेलरवर गाळ न साचणारी सुधारणा केली. सुधारणेचं पेटंट तुम्हाला मिळू शकतं. पण मूळ इंपेलर वापरल्याशिवाय ती चालत नसेल, तर त्या कंपनीच्या परवानगीविना तुम्ही पंप विकू शकत नाही, आणि कंपनीलाही तुमची सुधारणा उचलता येत नाही. अशा वेळी दोघांनी एकमेकांना परवाना देणं हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

मक्तेदारी दिल्याने नवं तंत्रज्ञान वाढतं की थांबतं?

क्षेत्र पाहिल्याशिवाय याचं उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

औषधात एक रेणू शोधून त्याच्या चाचण्या करायला वर्षानुवर्षं आणि प्रचंड पैसा लागतो, पण गोळी हातात आल्यावर चांगला रसायनतज्ज्ञ तिची नक्कल तुलनेने लवकर करतो. तिथे पेटंट नसेल तर चाचण्यांवर पैसा लावायला कोणी धजणार नाही. मोबाइल फोनचं गणित उलटं आहे. एका फोनमध्ये हजारो पेटंटं गुंतलेली असतात. ४जी किंवा वाय-फायसारख्या मानकात बसलेली पेटंटं टाळून फोन बनवताच येत नाही, म्हणून रॉयल्टीचा ‘वाजवी’ दर किती यावरच खटले चालतात. भारतात एरिक्सनने मायक्रोमॅक्स, इंटेक्स, लावा यांच्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात लढवलेली प्रकरणं याच जातीची.

अडवणूक कशी दिसते याचं जुनं उदाहरण विमानाचं आहे. राइट बंधूंच्या पेटंटवरून अमेरिकेत इतकी कोर्टबाजी झाली की पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, सरकारच्या दबावाखाली विमान उत्पादकांना सगळी पेटंटं एका सामायिक संचात आणावी लागली. थ्रीडी प्रिंटिंगची गोष्ट अलीकडची. प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर चढवण्याच्या पद्धतीवर स्ट्रॅटासिस कंपनीचं अमेरिकी पेटंट होतं. ते २००९ मध्ये संपलं आणि त्यानंतर स्वस्त प्रिंटरांची लाटच आली. पण तेच पेटंट जाहीर असल्यामुळे त्याची मुदत संपायच्या आधीच, २००५ पासून, रेपरॅप या खुल्या थ्रीडी प्रिंटर प्रकल्पातल्या मंडळींना पद्धत नीट माहीत होती, हेही विसरू नये. माहिती लगेच उघड करायची आणि हक्क काही काळापुरता राखून ठेवायचा, हाच या कायद्यातला सौदा आहे. धोरणाचं सगळं भांडण तो काळ किती असावा आणि हक्काची हद्द कुठपर्यंत असावी यावर चालतं.

१९७०च्या कायद्यामुळे भारतीय औषध उद्योग उभा राहिला, हे खरं आहे का?

मोठ्या प्रमाणात खरं आहे. स्वातंत्र्यानंतरही इंग्रजी अमलातला १९११चा कायदा चालू होता. न्यायमूर्ती अय्यंगार समितीने १९५९ मध्ये अहवाल दिला, त्यावर १९७०चा कायदा झाला आणि २० एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. अन्न आणि औषधांच्या बाबतीत त्यात फक्त कृतीचं पेटंट ठेवलं, उत्पादनाचं नाही, आणि तेही थोड्या वर्षांचं. म्हणजे औषध तेच, पण वेगळ्या रासायनिक मार्गाने बनवलं तर कायद्याची आडकाठी नाही. त्यामुळे इथल्या रसायनतज्ज्ञांनी पर्यायी मार्ग शोधण्यात हातखंडा मिळवला. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि हैदराबादची प्रयोगशाळा यांनी उद्योगाला अशा अनेक कृती पुरवल्या.

याचं फळ जगाने २००१ मध्ये पाहिलं. मुंबईच्या सिप्लाने एचआयव्हीवरची तीन औषधांची मात्रा वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली. तोवर त्याच उपचाराला वर्षाला १० हजार डॉलरच्या वर खर्च येत होता.

दुसरी बाजूही आहे. या काळात नक्कल उत्तम झाली, पण भारतात सापडलेला आणि जगभर विकला गेलेला नवा रेणू क्वचितच निघाला. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे १ जानेवारी २००५ पासून औषधांना उत्पादन पेटंट पुन्हा सुरू झालं.

कलम ३(ड)वर एवढा वाद का होतो?

माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप, म्हणजे क्षार, स्फटिक, एस्टर वगैरे, गुणकारीपणा लक्षणीय वाढल्याशिवाय पेटंटयोग्य नाही, असं हे कलम म्हणतं. मूळ पेटंट संपत आलं की त्याच औषधाच्या जरा बदललेल्या रूपावर नवं पेटंट घेऊन मक्तेदारी लांबवायची, ही युक्ती रोखण्यासाठी ते आहे.

रक्ताच्या कर्करोगावरच्या ग्लिवेकचं प्रकरण प्रसिद्ध आहे. इमॅटिनिब मेसिलेटच्या बीटा स्फटिकासाठी नोव्हार्टिसने अर्ज केला होता. हे रूप शरीरात ३० टक्के जास्त शोषलं जातं, असा एक मुद्दा होता. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की औषधाच्या बाबतीत गुणकारीपणा म्हणजे रोगावरचा उपचारात्मक परिणाम. शोषण वाढल्याने तो परिणाम वाढला हे पुराव्याने दाखवावं लागेल. तो पुरावा नव्हता, अर्ज गेला.

दुसरं प्रकरण क्षयरोगाचं. बेडाक्विलिनच्या फ्युमरेट क्षारावरचा अर्ज मार्च २०२३ मध्ये फेटाळला गेला. क्षयातून बऱ्या झालेल्या नंदिता वेंकटेशन आणि फुमेझा टिसिले यांनी त्याला मंजुरीपूर्व हरकत घेतली होती. मूळ रेणूचं पेटंट जुलै २०२३ मध्ये संपलं. हा अर्ज मंजूर झाला असता तर मक्तेदारी २०२७पर्यंत लांबली असती.

आमच्या मते हे कलम संशोधनाला मारक नाही. ते पुरावा मागतं, एवढंच. अडचण येते ती इथल्या छोट्या औषध कंपन्यांना. मूळ रूप आणि नवं रूप यांच्या तौलनिक चाचणीचे आकडे स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या शोधाच्या लेखी वर्णनात, टाकायचं त्यांच्याकडून राहतं, आणि पेटंट कार्यालयाच्या पहिल्या हरकतीला उत्तर देताना धावपळ होते.

मंजुरीपूर्व हरकत कोणालाही घेता येते?

हो. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कोणीही व्यक्ती फॉर्म ७अ भरून पुराव्यासह हरकत घेऊ शकते. मंजुरीनंतरची हरकत मात्र फक्त हितसंबंध असलेल्यालाच घेता येते, आणि तीही मंजुरी जाहीर झाल्यापासून वर्षभरात. २०२४च्या नियमांनी मंजुरीपूर्व हरकतीला फी लावली आणि ती दखलपात्र आहे का हे आधी तपासायची तरतूद केली. निव्वळ खोडा घालण्यासाठी एकामागून एक हरकती येत होत्या, हे त्यामागचं कारण. रुग्णसंघटनांचा याला विरोध आहे आणि तो अगदीच निराधार नाही.

सक्तीचा परवाना सरकार हवा तेव्हा देऊ शकतं का?

नाही. सक्तीचा परवाना म्हणजे पेटंटधारकाची संमती नसतानाही दुसऱ्याला वस्तू बनवायची मुभा. पेटंट मंजूर होऊन तीन वर्षं झाल्यावर कलम ८४ खाली अर्ज करता येतो. लोकांची वाजवी गरज भागत नाही, किंमत परवडणारी नाही, किंवा शोध भारतात अमलात आणला जात नाही, यांपैकी काहीतरी सिद्ध करावं लागतं. त्याआधी पेटंटधारकाकडे रीतसर परवाना मागितल्याचंही दाखवावं लागतं.

या कलमाखाली आजवर एकच परवाना निघाला, मार्च २०१२ मध्ये. बायरचं नेक्सावार हे मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगावरचं औषध महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना होतं. हैदराबादच्या नॅट्कोने ते ८,८८० रुपयांत द्यायचं कबूल केलं. रॉयल्टी ६ टक्के ठरली, अपिलात ती ७ झाली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये आदेश कायम ठेवला. डासाटिनिब आणि सॅक्साग्लिप्टिन या औषधांसाठी नंतर आलेले अर्ज फेटाळले गेले.

हळदीचं पेटंट अमेरिकेने घेतलं होतं ना?

जखम भरून काढण्यासाठी हळदीचा वापर, यावर १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे, म्हणजे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे, महासंचालक होते. सीएसआयआरने संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथांतले ३२ संदर्भ सादर केले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. ‘हळदीघाटीची लढाई’ हे नाव तिथून पडलं.

आजी जे करत होती ते अमेरिकी परीक्षकाला ठाऊक नसणं स्वाभाविक होतं, कारण त्याच्या शोधयादीत ते छापलेलं नव्हतं. म्हणून २००१ पासून आयुर्वेद, युनानी, सिद्धमधली सूत्रं परदेशी पेटंट कार्यालयांना वाचता येतील अशा डिजिटल ग्रंथालयात घालायला सुरुवात झाली.

भारतात कलम ३(प) पारंपरिक ज्ञानाला पेटंट नाकारतं. त्यामुळे अडुळसा, ज्येष्ठमध आणि तुळस यांचा काढा पेटंटसाठी नेऊ नका. त्यातला विशिष्ट घटक विशिष्ट प्रमाणात घेतल्यावर वेगवेगळ्या परिणामांच्या बेरजेपेक्षा जास्त परिणाम मिळतो, असे प्रयोगाचे आकडे असतील तरच बोलणं पुढे सरकेल. आणि वनस्पती भारतातली असेल तर पेटंट मंजूर होण्याआधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. ती विसरल्यामुळे तयार प्रकरण अडकून पडतं.

आणखी कशाला पेटंट मिळत नाही?

शेती करण्याची पद्धत, माणसाच्या किंवा जनावराच्या उपचाराची पद्धत, धंदा चालवायची पद्धत, गणिती सूत्र, अल्गोरिदम, माहीत असलेली यंत्रं एकमेकांशेजारी मांडून आपापलं काम करत ठेवणं. शेवटचा मुद्दा कलम ३(फ)चा. प्रकल्प-प्रदर्शनातली निम्मी यंत्रं यातच जातात: सायकलला पंप, पंपाला टाइमर, टाइमरला मोबाइल. भाग एकत्र आल्यामुळे नवा तांत्रिक परिणाम दिसला पाहिजे.

बियाण्यांचं काय? बीटी कापूस पेटंटमध्ये येतो?

वनस्पती, बियाणं आणि वाण यांना कलम ३(ज) खाली पेटंट नाही. बीटी कापसाचं तंत्र आणणाऱ्या मोन्सँटो कंपनीचं पेटंट झाडावर नव्हतं, कृत्रिमरीत्या घडवलेल्या जनुकीय क्रमावर होतं. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ते अवैध ठरवलं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला सारून प्रकरण पुराव्यासह सुनावणीसाठी परत पाठवलं. शेतकऱ्याचा हक्क वेगळ्या, २००१च्या वाण संरक्षण कायद्यात आहे. स्वतःच्या शेतातलं बियाणं ठेवणं, पुन्हा पेरणं, वाटणं, विकणं त्याला मोकळं आहे. फक्त संरक्षित वाणाच्या ब्रँडचं लेबल लावून विकता येत नाही.

सॉफ्टवेअरला पेटंट मिळतं की नाही?

कलम ३(क) ‘निव्वळ’ संगणक प्रोग्रॅमला नकार देतं. भांडण ‘निव्वळ’वर आहे. फरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये म्हटलं की शोधाचा तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक योगदान दिसत असेल, तर केवळ तो प्रोग्रॅमवर चालतो म्हणून नाकारू नये.

व्यवहारात असं होतं: ‘ग्राहकाला जवळचं दुकान सुचवणारं ॲप’ पडतं. ‘सेन्सरकडून येणारा डेटा अमुक रीतीने आवळल्याने बॅटरीचा खर्च कमी करणारी यंत्रणा’ टिकू शकते, पण खर्च किती कमी झाला याची मोजणी स्पेसिफिकेशनमध्ये हवी. कोड स्वतः कॉपीराइटखाली आपोआप सुरक्षित असतो. पुष्कळ स्टार्टअपना तेवढं पुरतं.

अर्ज करण्याआधी शोध कसा घ्यायचा?

शब्दांवर विसंबू नका. ‘बॉटल ओपनर’ला पेटंटच्या भाषेत ‘झाकण विलग करण्याचं साधन’ म्हटलेलं असतं. आधी गूगल पेटंट्स किंवा एस्पासनेट या युरोपीय पेटंट कार्यालयाच्या शोधसेवेवर मिळतीजुळती दोन-तीन पेटंटं काढा आणि त्यांच्यावरचा आंतरराष्ट्रीय वर्गीकरण क्रमांक बघा. शेती-लागवडीची यंत्रं ए०१सी मध्ये, झडपा एफ१६के मध्ये, असे हे वर्ग असतात. मग तो वर्ग धरून शोधा. सापडलेल्या पेटंटने कोणाकोणाचे हवाले दिले आणि नंतर कोणी त्याचे दिले, तेही उघडा. भारतातले अर्ज पेटंट कार्यालयाच्या इनपास या शोधसेवेवर दिसतात. यूट्यूब आणि इंडियामार्टही बघा, कारण कुठेही विकलं किंवा दाखवलं गेलं असेल तर नावीन्य गेलं.

एक मर्यादा लक्षात ठेवा. अर्ज १८ महिने गुप्त असतो, म्हणून गेल्या दीड वर्षातले बहुतेक अर्ज कोणत्याच शोधात दिसत नाहीत.

प्रदर्शनात मांडलं, पेपर छापला. आता अर्ज करता येईल?

बहुधा नाही. अमेरिकेत शोधकाला स्वतःच्या प्रकटनानंतर वर्षभराची सवलत आहे. ती ऐकून आपले प्राध्यापक निर्धास्त राहतात. भारतात कलम ३१ची सवलत फार अरुंद आहे: केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेलं प्रदर्शन, किंवा विद्वत्संस्थेपुढे वाचलेला वा तिच्या कार्यवृत्तात छापलेला निबंध, आणि त्यापासून १२ महिन्यांत अर्ज. २०२४ पासून त्यासाठी फॉर्म ३१ आहे. गावच्या कृषी प्रदर्शनातला स्टॉल, कॉलेजच्या वेबसाइटवर चढवलेला प्रबंध, इन्स्टाग्रामवरची चित्रफीत यांना ती लागू नाही. युरोप तर याहून कडक. त्यामुळे आधी अर्ज, मग पेपर. गुंतवणूकदाराला किंवा फॅब्रिकेटरला दाखवायचंच असेल तर गोपनीयतेचा करार सही करून घ्या.

प्रोव्हिजनल अर्ज कधी करावा?

प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता, पहिला अर्ज. कल्पना पक्की आहे पण यंत्र अजून तापतंय, गळतंय, मापं बदलताहेत, अशा वेळी तो करावा. त्याने तारीख मिळते आणि पूर्ण स्पेसिफिकेशनला १२ महिने मिळतात. ते १२ महिने चुकले तर अर्ज सोडून दिला असं मानलं जातं.

दोन पानांत ‘आमचं यंत्र वेळ आणि पैसा वाचवतं’ एवढंच लिहून तारीख घेणारे खूप दिसतात. वर्षभराने पूर्ण स्पेसिफिकेशनमध्ये जी यंत्ररचना येते ती प्रोव्हिजनलमध्ये नसेल, तर तिला जुनी तारीख मिळत नाही. मधल्या काळात तुम्हीच विक्री सुरू केली असेल, तर तुमचंच यंत्र तुमच्या आड येतं. आकृत्या, पर्यायी रचना, चालतील असं वाटणारे सगळे पदार्थ सुरुवातीलाच लिहा.

क्लेम म्हणजे काय आणि ते कुठे बिघडतात?

क्लेम म्हणजे स्पेसिफिकेशनच्या शेवटी येणारी क्रमांकित वाक्यं, आणि हक्काची हद्द तीच ठरवतात. वर्णन कितीही सुंदर असो, क्लेममध्ये नाही ते तुमचं नाही. नक्कल ठरायला समोरच्याच्या वस्तूत क्लेममधला प्रत्येक भाग, किंवा तेच काम त्याच रीतीने करणारा भाग, असावा लागतो.

उसाच्या कांडीवरून लागवडीसाठी डोळा काढायचं हातयंत्र घ्या. अशी यंत्रं बाजारात पूर्वीपासून आहेत. समजा, तुमचं नावीन्य हे की कांडी वाकडी असली तरी तिला धरणारी बैठक आपोआप फिरते आणि डोळा पात्याखाली बरोबर येतो. पहिल्या मसुद्यात सहसा असं लिहिलेलं असतं:

‘लोखंडी पाया, ४० सेंमी लांबीचा दांडा, दोन स्प्रिंगा, स्टेनलेस स्टीलचं अर्धगोल पातं आणि फिरती बैठक असलेलं यंत्र.’

प्रतिस्पर्धी एक स्प्रिंग लावेल, पाया ॲल्युमिनियमचा करेल आणि मोकळा होईल. त्याऐवजी:

‘पाया, पायावर हलणारं पातं, आणि पात्याखाली कांडी धरणारी बैठक, जी कांडीच्या वक्रतेनुसार आपल्या अक्षाभोवती फिरून डोळा पात्याच्या मार्गात आणते, अशी रचना असलेलं यंत्र.’

स्प्रिंगा, पोलाद आणि लांबी पुढच्या, पहिल्यावर अवलंबून असलेल्या क्लेममध्ये जातात. पहिला क्लेम परीक्षकाने फार रुंद ठरवला तर मागे सरकायला ते लागतात. उलट टोकही वाईट: ‘डोळा काढण्याचं कोणतंही साधन’ असं लिहिलंत तर जुनं एकच यंत्र दाखवून परीक्षक तो उडवतो.

मसुदा स्वतः लिहायला कायद्याची मनाई नाही. पण पैसा एकाच ठिकाणी खर्चायचा असेल तर तो चांगल्या पेटंट एजंटकडून क्लेम लिहून घेण्यावर खर्चा.

टप्पे, मुदती आणि फी कशा असतात?

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या अर्जदारांसाठी मुंबईचं, अँटॉप हिलचं कार्यालय. अर्ज ऑनलाइन, डिजिटल सहीने करायचा. कागदी अर्जाला १० टक्के जादा फी आहे. फॉर्म १ अर्जाचा, २ स्पेसिफिकेशनचा, ३ परदेशी अर्जांच्या माहितीचा, ५ शोधकांच्या घोषणेचा, एजंट असेल तर २६, आणि सवलत हवी असेल तर स्टार्टअप किंवा लघुउद्योगाने उद्यम वगैरे प्रमाणपत्रासह २८. सारांश १५० शब्दांच्या आत हवा.

व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शिक्षणसंस्था यांना अर्जाची फी १,६०० रुपये, बाकीच्यांना ८,०००. त्यात ३० पानं आणि १० क्लेम येतात. सवलतीच्या दरात पुढच्या प्रत्येक पानाला १६० आणि प्रत्येक क्लेमला ३२० पडतात, म्हणून ४५ क्लेमचा हौशी अर्ज महागात जातो.

१८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो. घाई असेल तर फॉर्म ९ भरून, सवलतीच्या दरात २,५०० रुपयांत, महिनाभरात. पण अर्ज प्रसिद्ध झाला म्हणून परीक्षण आपोआप होत नाही. त्यासाठी फॉर्म १८ वेगळा द्यावा लागतो, सवलतीची फी ४,०००, मुदत अग्रक्रम तारखेपासून, म्हणजे त्या शोधाच्या पहिल्या अर्जाच्या तारखेपासून, ३१ महिने. आधी ती ४८ होती आणि जुन्या सवयीने थांबणाऱ्यांचे अर्ज मागे घेतल्याचं धरलं जातं. स्टार्टअप, लघुउद्योग, महिला अर्जदार वगैरेंना फॉर्म १८अ भरून ८,००० रुपयांत जलद परीक्षण मिळतं.

मग पहिला परीक्षण अहवाल येतो. त्यात हरकती असतातच, घाबरू नका. उत्तराला सहा महिने, आणि मुदत संपायच्या आत फॉर्म ४ दिला तर आणखी तीन. उत्तर दिलंच नाही तर अर्ज सोडून दिला असं मानलं जातं. सुनावणी झाली तर लेखी म्हणणं १५ दिवसांत द्यायचं असतं.

मंजुरीनंतर नूतनीकरण, अर्जाच्या तारखेपासून मोजलेल्या तिसऱ्या वर्षापासूनचं: सवलतीच्या दरात तिसरं ते सहावं वर्ष ८००, सातवं ते दहावं २,४००, अकरावं ते पंधरावं ४,८००, सोळावं ते विसावं ८,००० रुपये दरवर्षी. वीस वर्षं टिकवायचं तर एकूण ७६,८०० रुपये, मोठ्या कंपनीला पाचपट. फी चुकली तर सहा महिने दंडासह भरता येते. त्यानंतर पेटंट बंद पडतं, पण बंद पडल्यापासून १८ महिन्यांत पुनरुज्जीवनाचा अर्ज करता येतो. वापरात नसलेलं पेटंट बंद पडू देणं हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो. चढती फी मुद्दाम त्यासाठीच आहे.

‘माझं पेटंट पब्लिश झालं’ म्हणजे मिळालं का?

नाही. प्रसिद्ध झाला तो अर्ज. मानांकनात आणि बढतीत गुण मिळतात म्हणून अनेक महाविद्यालयांत अर्ज, फॉर्म ९ आणि वर्तमानपत्रात बातमी इथेच प्रवास संपतो. फॉर्म १८ कोणी भरत नाही. दहा-बारा ‘शोधक’ असलेल्या, पैसे देऊन नाव घालायच्या अर्जांचा धंदाही चालतो. त्याचाच भाऊ म्हणजे ब्रिटनमधली डिझाइन नोंदणी ‘आंतरराष्ट्रीय पेटंट’ म्हणून विकणं. ती फक्त बाह्यरूपाची नोंदणी असते आणि देताना नावीन्य तपासलं जात नाही. २०२३-२४ मध्ये भारतात एक लाखाहून जास्त पेटंटं मंजूर झाली. आकडा मोठा आहे, पण त्यांतल्या किती वस्तू बाजारात आल्या हे पाहिल्याशिवाय त्याला नवनिर्मिती म्हणणं घाईचं आहे. दुर्दैवाने, अंमलबजावणीचं फॉर्म २७चं निवेदनही २०२४ पासून दरवर्षीऐवजी तीन वर्षांतून एकदा द्यायचं झालं आहे.

पुण्यात बसून अमेरिकी कंपनीसाठी शोध लावला. अर्ज कुठे करायचा?

भारतात राहणाऱ्या व्यक्तीने, नागरिकत्व कोणतंही असो, आधी परदेशात अर्ज करायचा तर फॉर्म २५ भरून कलम ३९ची परवानगी घ्यावी लागते. किंवा आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावं लागतं. हे चुकलं तर भारतीय पेटंट रद्द होऊ शकतं आणि फौजदारी तरतूदही आहे. संघातला एकच शोधक हिंजवडीत आणि बाकी टेक्सासमध्ये असले तरी नियम लागू.

‘जागतिक पेटंट’ अशी चीज नाही. पीसीटी, म्हणजे आंतरराष्ट्रीय पेटंट सहकार्य कराराखालच्या, अर्जाने फक्त वेळ मिळतो: पहिल्या अर्जापासून १२ महिन्यांत पीसीटी, आणि ३० किंवा ३१ महिन्यांत एकेका देशात प्रवेश. प्रत्येक देशाची फी, भाषांतर आणि वकील वेगळा.

नोकरीत किंवा कॉलेजात लावलेला शोध कोणाचा?

आपल्या कायद्यात नोकरदाराच्या शोधाबद्दल स्वतंत्र कलम नाही. नेमणूकपत्र, संस्थेचं बौद्धिक संपदा धोरण आणि प्रकल्पाचा करार बघावा लागतो. पूर्णवेळ विद्यार्थ्याने स्वतःच्या पैशाने केलेलं काम करार नसेल तर त्याचंच. मालकी कोणाचीही असो, खऱ्या शोधकाचं नाव यायलाच हवं, आणि विभागप्रमुखाचं नाव केवळ मानाने घालणं चूक आहे.

कारखान्यातल्या छोट्या सुधारणेचं काय करायचं?

जर्मनी-चीनमध्ये अशा सुधारणांसाठी कमी मुदतीचं, सोपं ‘युटिलिटी मॉडेल’ असतं. भारतात ते नाही, आणि इचलकरंजीच्या मागाला किंवा कोल्हापूरच्या फौंड्रीतल्या साच्याला हीच उणीव भोवते. पूर्ण पेटंटची कसोटी त्या सुधारणा क्वचित पार करतात. नावीन्य दिसण्यात असेल तर डिझाइन नोंदणी करा: छोट्या अर्जदाराला १,००० रुपये, संरक्षण १० अधिक ५ वर्षं. वस्तू उघडून कळणार नाही अशी कृती असेल, उदाहरणार्थ भट्टीचं तापमान-वेळापत्रक किंवा मिश्रणाचं प्रमाण, तर गुपित ठेवलेलं बरं. वस्तू खोलताच कळणारी गोष्ट गुपित राहत नाही, तिला पेटंटच हवं.

कोणी नक्कल केली तर?

पेटंट मंजूर झाल्याशिवाय दावा लावता येत नाही. मंजुरीनंतर मात्र अर्ज प्रसिद्ध झाल्या तारखेपासूनची भरपाई मागता येते. प्रतिवादी हमखास पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा करतो आणि प्रकरण उच्च न्यायालयात जातं. म्हणून आधी आपलं पेटंट तपासून घ्या, मग नोटीस पाठवा.

पुण्याच्या बजाज ऑटोचं उदाहरण बोलकं आहे. लहान बोअरच्या, म्हणजे सिलिंडरचा व्यास लहान असलेल्या, इंजिनात दोन स्पार्क प्लगच्या रचनेवर त्यांचं पेटंट होतं. टीव्हीएसच्या फ्लेम या मोटरसायकलीतही दोन प्लग होते, पण झडपा तीन. फेब्रुवारी २००८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने विक्री रोखली, मे २००९ मध्ये खंडपीठाने ती बंदी उठवली. सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिशेब ठेवून विक्रीला मुभा दिली आणि असे खटले रोज चालवून झटपट संपवा असं बजावलं. समझोता झाला २०१९ मध्ये. दहा वर्षांत बाजारातली मॉडेलं बदलून गेली होती.

परदेशी पेटंटमधलं तंत्र भारतात वापरता येतं का?

पुष्कळदा येतं, आणि या वाटेकडे लघुउद्योगांनी फारच कमी लक्ष दिलं आहे. पेटंट ज्या देशात घेतलं तिथेच चालतं. एस्पासनेटवर त्या पेटंटचं ‘कुटुंब’, म्हणजे त्याच शोधाच्या वेगवेगळ्या देशांतल्या अर्जांची यादी, उघडा. भारताचा अर्ज दिसत नसेल आणि ३१ महिन्यांची मुदत उलटून गेली असेल, तर तो इथे यायची शक्यता जवळपास उरत नाही. भारताचा अर्ज दिसला तर इनपासवर त्याची स्थिती बघा: फेटाळला, सोडून दिला, की मंजूर होऊन नूतनीकरणाअभावी बंद पडला. बंद पडून १८ महिने झाले नसतील तर थांबा. त्याच कंपनीची त्या यंत्राच्या सुट्या भागांवरची वेगळी पेटंटं आहेत का, तेही तपासा. माल निर्यात करणार असाल तर प्रत्येक देशासाठी हीच तपासणी पुन्हा करावी लागते, कारण भारतात मोकळं असलेलं तंत्र जर्मनीच्या बंदरात उतरताच अडवलं जाऊ शकतं.